मिलिंद सर, ती यादी तुम्ही वापरलीच नव्हती

सर,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं होतं. नळदुर्गला तुमच्या घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, तुमच्या वर्गमित्रांची भाषणं झाली, आणि मग माझं नाव पुकारलं, ‘सरांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेली उज्वला’ म्हणून. मी उठले, माईक घेतला, ‘सर’ एवढंच म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, हिला रडू आवरेना. वहिनींनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

मला रडू आलंच नव्हतं. आदल्या दिवशी मी ऑफिसात तुमचा लॅपटॉप उघडला होता.

उघडायचंच होतं. संस्थेचा नवा सर्व्हे आलाय आणि मोठ्या मॅडम म्हणाल्या की सरांचं काम आता तूच बघ. मी जुना कोड शोधायला बसले. दोन वर्षांपूर्वीच्या अपंगत्वाच्या सर्व्हेचा. म्हटलं, सरांनी केलेलं आहे, थोडंफार बदलून चालेल. तुमच्या हातचं काम पुढं न्यायचं, या विचारानं जरा बरंसुद्धा वाटत होतं मला. आता ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पण आधी चांगलं सांगते. नाहीतर मी तुमच्यावर अन्याय केल्यासारखं होईल, आणि तो मला करायचा नाही.

उमरग्याच्या त्या ऑफिसात मी आले तेव्हा मला एक्सेलमध्ये बेरीज करता यायची, तेवढंच. खाली औषधाचं दुकान, वर आपल्या दोन खोल्या, आणि हायवेवरून ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला एक फाइल दिलीत. एका कॉलममध्ये लोकांचे व्यवसाय होते. शेती, मजुरी, नोकरी यांच्या भरपूर ओळी, आणि तळाला कुठं एकच, कुठं दोनच अशा ओळी: कल्हई, दायी, बँड, दुरड्या, टोपल्या विणणे, बुरूड, बुरुडकाम. तुम्ही विचारलंत, ‘हे कसं साफ करशील?’ मी आदल्या दिवशी मोबाइलवर बघून आले होते. ऐटीत म्हटलं, ‘शंभरात एकापेक्षा कमी असेल ते सगळं इतरमध्ये टाकायचं सर. दोन ओळींचा कोड आहे.’

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि मला तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. तुम्हाला शाळेत घालायला ते गेले तेव्हा गुरुजींनी फॉर्म भरला. धर्माच्या पुढं हिंदू, मुस्लिम आणि इतर असे तीनच शब्द छापलेले होते. गुरुजींनी ‘इतर’वर खूण केली. तुमच्या वडिलांना नीट लिहिता येत नव्हतं, पण त्यांनी पेन मागून घेतला आणि त्या खुणेशेजारी वाकड्या अक्षरात ‘बौद्ध’ लिहिलं. गुरुजी म्हणाले, ‘अहो, एकच आहे ते.’ वडील म्हणाले, ‘एकच आसंल तर राहू द्या की मग लिहिलेलं.’

हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता सर. मी पाहिलं होतं ते.

मग तुम्ही स्क्रीनकडं बोट केलंत. ‘हे बुरूड, बुरुडकाम, दुरड्या, टोपल्या, हे चार धंदे आहेत का एक?’ मी म्हटलं, एक. ‘मग आधी ते एक कर आणि मग मोज.’ मी केलं, आणि ते चौघं मिळून माझ्या त्या शंभरात एकच्या वर गेले. ‘आधी ओळख, मग मोजणी,’ तुम्ही म्हणालात. ‘क्रम चुकला की सगळं गेलं. आणि उरलेले खरंच एकटेदुकटे असतील, तर इतरमध्ये टाकण्याआधी प्रत्येकाकडं एकदा डोळ्यानं बघायचं.’

एवढं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वडिलांना माझी उमरग्याची रोजची ये-जा पसंत नव्हती तेव्हा तुम्ही सास्तूरला आमच्या घरी आलात, ओट्यावर बसून त्यांच्याशी तासभर बोललात, आणि वडील दुसऱ्या दिवशी स्वतः मला स्टँडवर सोडायला आले. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर एवढं लागलंय.

अपंगत्वाच्या सर्व्हेचा फॉर्म करताना आपलं भांडण झालं होतं. ‘कारण’ या प्रश्नाखाली तुम्ही पर्याय दिले होते: जन्मजात, ताप किंवा आजार, रस्ते अपघात, कामावरची इजा, वार्धक्य आणि इतर. इतरच्या पुढं लिहायला मोकळी जागा. मी म्हटलं, ‘सर, भूकंप घाला.’ तुम्ही म्हणालात, ‘तीस वर्षं झाली त्याला. जिल्हाभर जाणार हा फॉर्म. तुळजापूर, परंड्याकडं भूकंप कोण लिहिणार?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडं लिहितील.’ तुम्ही म्हणालात, ‘मग मोकळ्या जागेत लिहितील. आपण नंतर एकत्र करू. शब्द देतो.’

तो शब्द मी धरून चालले.

माझी आई त्र्याण्णवच्या त्या भूकंपात नवी सून होती. पहाटे माळवदाचं मातीचं जड छत अंगावर आलं, तिला दुपारी बाहेर काढलं. खुब्याचं हाड कसंतरी जुळलं आणि तेव्हापासून ती भिंतीला हात लावून चालते. मी तिला कधी बिनाआधाराची चाललेली पाहिलेली नाही. आमच्या गावात अशी कितीतरी माणसं आहेत. नवं गाव वसलं, सरळ रस्ते झाले, आणि त्या सरळ रस्त्यांवरून ही वाकडी चालणारी माणसं आता म्हातारी झाली.

सर्व्हे झाला, फाइल आली. मोकळ्या जागेत लोकांनी काय काय लिहिलं होतं! भूकंप, भुकंप, भूकम्प, घर पडलं, माळवद पडून, भिंत अंगावर, दगडाखाली पाय, नुसतंच ‘९३’, एका ठिकाणी ‘त्या पहाटेचं’. प्रत्येक शब्दाच्या दोन-चार ओळी. कॉम्प्युटरच्या लेखी ही सगळी वेगवेगळी कारणं, आणि सगळीच नगण्य. मी तीन आठवडे ती यादी केली. जिथं शंका होती तिथं सर्व्हे करणाऱ्या मुलींना फोन केले. ‘भिंत अंगावर’ लिहिलंय, ती भूकंपातली का परवाच्या पावसातली? एका मुलीनं तर त्या घरी परत जाऊन विचारलं. डाव्या बाजूला लोकांनी लिहिलेला शब्द, उजव्या बाजूला ‘भूकंप’. ती फाइल मी तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हे काम मलासुद्धा इतकं नीट जमलं नसतं.’

मग अहवाल आला. कारणांच्या तक्त्यात रस्ते अपघात सगळ्यात वर, आणि भूकंप कुठंच नाही. इतरचा आकडा मात्र चांगलाच फुगलेला. मी तो कागद घेऊन तुमच्या टेबलापाशी आले.

‘सर, इतर एवढं कसं?’

‘किरकोळ कारणं लई आहेत गं.’

‘भूकंप?’

‘एकत्र केला तरी वर येत नाही तो. शंभरात एकाच्या खालीच राहतोय.’

‘माझी यादी लावली ना?’

तुम्ही चष्मा काढून पुसलात. म्हणालात, ‘तुझी यादी लावूनच केलंय.’

मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. यादी माझ्याकडं होती, मूळ फाइल होती, कोड मला येत होता. चालवून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी नाही बघितलं. तुम्ही सांगितलं होतं ना.

त्या तक्त्यावरून फिजिओथेरपीचं केंद्र कुठं काढायचं ते ठरलं. नळदुर्ग की सास्तूर, एवढाच प्रश्न होता. हायवेवर अपघात जास्त, म्हणून नळदुर्ग. आमच्या गावचे लोक चिडले, आणि त्यांना समजावून सांगायला संस्थेनं मला पाठवलं, गावची पोरगी म्हणून. समाजमंदिरात बैठक झाली. खाली सतरंजीवर ज्यांना बसता येत नव्हतं ती माणसं कडेनं खुर्च्यांवर होती. माझी आई होती. मी भिंतीवर तक्ता लावला आणि तुम्ही शिकवलेल्या भाषेत बोलले. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपली संख्या कमी आहे, जिल्ह्याच्या मानानं बघावं लागतं, आकड्यांना आपलं-परकं नसतं.

गणपत आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. त्यांचा एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता. ते म्हणाले, ‘म्हंजी बाई, आमी हाव पर मोजण्यात न्हाय.’

मी म्हटलं, ‘तसं नाही आबा.’ पण तसंच होतं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, ‘तू सांगतीस म्हंजी खरंच आसंल.’

दोन गाड्या बदलून मी आईला नळदुर्गला नेलं, चारदा. तिथल्या डॉक्टर मुलीनं पायाला व्यायाम दिला, थोडा मोकळा झाला. पाचव्यांदा आई म्हणाली, ‘नगं. तिथं जेवढा सैल हुतो, तेवढा गाडीत बसून परत आखडतो.’ त्यानंतर ती गेली नाही. गणपत आबा एकदाही गेले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात ते वारले.

आता त्या लॅपटॉपचं सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पण मला सांगायचंय.

कोड वरून वाचत आले. फाइल उघडली, रिकाम्या ओळी काढल्या, गावांची नावं सुधारली. मग ती ओळ आली, माझी यादी लावायची. ओळीच्या सुरुवातीला तुम्ही ते चौकटीसारखं हॅशचं चिन्ह घातलं होतं. ते घातलं की कॉम्प्युटर ती ओळ ओलांडून पुढं जातो, ती फक्त वाचणाऱ्या माणसापुरती उरते. तिच्या खाली, चालू असलेली ओळ: शंभरात एकापेक्षा कमी ते सगळं इतर. आणि दोघींच्या मध्ये तुमच्या शब्दांत लिहिलेलं:

‘यादी बरोबर आहे, तपासली. लावली तर भूकंप वर येतो. पण जागा नळदुर्गची आधीच ठरली आहे. उज्वलाशी नंतर बोलतो.’

मी ते कितीदा वाचलं, सांगता येत नाही. चुकून झालं असतं तर मी तुमच्यासाठी रडले असते सर. घाईत राहून गेलं, लक्षात आलं नाही, असं काहीही असतं तरी. पण तुम्ही तपासलं होतंत. भूकंप वर येतो हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतं, मग ती ओळ बंद केलीत, आणि चष्मा पुसत मला सांगितलंत की लावली.

‘नंतर’ म्हणजे कधी? दोन वर्षं होती तुमच्याकडं. आपण रोज एका खोलीत बसत होतो. स्टँडसमोर चहा पिताना सांगता आलं असतं. मला रागावून सांगितलं असतं तरी चाललं असतं, की बाई, वरून ठरलंय, तुझं-माझं काही चालत नाही. मी भांडले असते, नोकरी सोडली असती कदाचित. पण गावासमोर उभी राहून ते बोलले नसते. माझ्या तोंडून ते बोलवून घेतलंत, याचं काय करू मी?

आणि गेल्या दिवाळीनंतर तुम्ही आमच्याकडं जेवायला आला होतात. आईनं बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी, हरभऱ्याची भाजी केली होती. ती भिंत धरत धरत तुम्हाला वाढायला आली. तुम्ही विचारलंत, ‘पाय कसा आहे मावशी?’ आई म्हणाली, ‘दुखत न्हाय सर आता. नुसता ऐकत न्हाय.’ तुम्ही मान खाली घालून जेवलात. मला वाटलं, सरांना वाईट वाटतंय. वाटतही असेल. पण तुम्ही दुसरी भाकरी मागून घेतलीत सर.

यादी लावून मी कोड पुन्हा चालवला. भूकंप जिल्ह्यात तिसरा आला. एकट्या आमच्या लोहारा तालुक्यात पहिला.

तो तक्ता घेऊन मी मोठ्या मॅडमकडं गेले. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, ‘तेव्हा नळदुर्गला इमारत मिळाली होती. मी सरांना म्हटलं होतं, तक्ता जागेला धरून असेल तर बरं पडेल. त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.’

मी म्हटलं, ‘आता सुधारून पाठवू.’

‘माणूस जाऊन पंधरा दिवस नाही झाले उज्वला. त्यांच्या चुका आता कशाला उकरायच्या?’

‘त्यांच्या चुका नाहीत मॅडम. तक्ता चुकीचा आहे.’

त्या दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. दुरुस्तीची टीप मी लिहिली. त्यात तुमचं नाव घातलेलं नाही. दया आली म्हणून नव्हे. तुमचं नाव घातलं असतं तर मी सुटले असते, आणि मॅडमही. मी लिहिलं, ‘आमच्याकडून एकत्रीकरणाची पायरी गाळली गेली आणि अहवाल देण्याआधी आम्ही तो पडताळला नाही.’ खाली माझी सही.

वहिनींना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुमचा मुलगा परवा लॅपटॉपमधले तुमचे फोटो न्यायला आला तेव्हा मी ते पेनड्राइव्हवर घालून दिले. ‘पप्पा तुमचं लई कौतुक करायचे,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘माझ्याशी पण लई चांगले वागायचे.’ खोटं नव्हतं ते. तेच तर अवघड आहे.

रविवारी मी पुन्हा समाजमंदिरात गेले. यावेळी मला कुणी पाठवलं नव्हतं. मी सांगितलं की मागच्या वेळी मी दाखवलेला तक्ता चुकीचा होता, तुमची संख्या कमी नव्हती, तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंत आणि आम्ही ते एक केलं नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गणपत आबांच्या घरच्या काकू मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘त्यास्नी सांगायला पायजे हुतं बाई हे.’ मी म्हटलं, ‘व्हय काकू.’

मॅडमनी तूर्त एवढं केलंय की नळदुर्गची डॉक्टर मुलगी आठवड्यातून दोन दिवस सास्तूरला बसेल. पुढचं देणगीदारांच्या हातात. परवा ती पहिल्यांदा आली. आई गेली होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तुमचं सगळं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, ‘भला माणूस हुता. भित्रा हुता.’ मी अजून तिथपर्यंत पोचलेले नाही सर. मला वेळ लागेल.

काल नव्या सर्व्हेची फाइल साफ करत होते. सगळे शब्द जोडून झाले, आणि शेवटी एकच ओळ उरली. एक बाई, तुळजापूर तालुक्यातलं लहानसं गाव, कारण: ‘वीज पडली, तवापासून ऐकू येत नाही.’ दुसऱ्या कुठल्याही शब्दाशी जुळत नाही. खरोखरच एकटी. इतरमध्ये टाकली तर ती दिसेनाशी होते. स्वतंत्र ठेवून छापली तर त्या गावातला कुणीही बोट दाखवून सांगेल, ही ती. तिनं काही तेवढ्यासाठी आपल्याला सांगितलं नव्हतं. आपल्या कामाच्या फाइलीत वेगळी ठेवावी, छापताना इतरमध्ये घ्यावी आणि इतरमध्ये काय काय आहे ते खाली शब्दांत लिहावं, असं मला वाटतंय. पण त्या शब्दांतूनही ती ओळखू येईल का? बरोबर आहे का हे? मला खात्री नाही.

मी फोन हातात घेतला होता. तुमचा नंबर लावणार होते. असल्या वेळी मी तुम्हालाच विचारायचे, आणि तुम्हाला उत्तर माहीत असायचं. या जिल्ह्यात हे विचारावं असं मला दुसरं कुणी नाही. तुम्ही माझ्याशी जे केलंत ते केल्यावरही नाही. याचाच मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे.

तुमची,
उज्वला